जागलीचा गडी

आमच्या गावचे सार्वजनिक वाचनालय ‘ड’ वर्गातले आहे आणि शासनाच्या वर्गवारीत त्याच्या खाली दुसरा वर्ग नाही. ग्रामपंचायतीने दिलेली एक खोली, तीन लोखंडी कपाटे, एक लांब बाक, दोन वर्तमानपत्रे आणि संध्याकाळी वावरातून परतताना दार उघडून बसणारा मी, एवढाच त्याचा पसारा. तरीही दरवर्षी दिवाळीला गावातली पोरे या बाकावर बसून एक हस्तलिखित काढतात, आणि गेल्या दिवाळीला त्यांनी ‘आवडता खेळाडू’ हा विषय घेतला होता. सचिन तेंडुलकर दोघांनी मागितला, त्यावरून थोडे भांडण झाले, एकाने धोनी घेतला, एका शहाण्या मुलाने खाशाबा जाधव घेतले, आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी मेस्सी व रोनाल्डो आपसांत वाटून घेतले. माझी पुतणी सातवीत आहे. सगळ्यांची वाटणी होईपर्यंत ती गप्प बसली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मोठे बाबा, मले बॅकवाल्याची गोष्ट पायजे. हे सारे समोरचेच घेऊन राह्यले.”

ती शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात जाते आणि तेथील मुलींच्या संघात बॅकला खेळते. खरे सांगायचे तर तिला बॅकला ठेवले आहे. आमच्या भागात कबड्डी आणि व्हॉलीबॉल पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, क्रिकेट टीव्हीबरोबर आले. फुटबॉल मात्र नागपूर-कामठीकडचा खेळ मानला गेला आणि खेड्यात उशिरा पोचला. तो पोचला तेव्हा सोबत एक अलिखित नियम घेऊन आला. ज्याला चेंडू पायात घेऊन पळता येते त्याने पुढे जायचे, ज्याला येत नाही त्याने मागे उभे राहायचे, आणि ज्याला मागे उभे राहणेही जमत नाही त्याला गोलात घालायचे. पुतणी संघात सर्वांत बुटकी आहे. तिला मागे उभे केले तेव्हा ती दोन दिवस घरात कोणाशी नीट बोलली नव्हती, हे मला ठाऊक होते. म्हणून मी “लिहून देतो” असे म्हणालो, आणि फसलो.

पुढे खेळणाऱ्याची गोष्ट लिहायला सोपी असते, कारण ती मुळातच गोष्टीच्या आकाराची असते. चेंडू आला, त्याने दोघांना चकवले, तिसऱ्याच्या पायांमधून काढला, गोल. वर्तमानपत्रातसुद्धा सामन्याच्या बातमीखाली गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट छापलेले असते. ज्याने सत्त्याऐंशीव्या मिनिटाला पाय मध्ये घालून गोल होऊ दिला नाही, त्याचे नाव छापायला त्या तक्त्यात जागाच नसते, कारण जे घडले त्याची नोंद ठेवण्यासाठी तक्ता असतो आणि या माणसाने तर घडू दिलेले नसते. बाकावर कोरा कागद घेऊन बसलो असताना माझ्या लक्षात आले की बचावपटूची कारकीर्द लिहायची म्हणजे अठरा-वीस वर्षे जे जे झाले नाही त्याची हकिकत लिहायची. आणि असा एक माणूस माझ्या घरातच खाटेवर बसलेला आहे, हे त्यानंतर थोड्या वेळाने लक्षात आले.

माझे वडील आयुष्यभर जागलीला, म्हणजे रात्री वावरात पीक राखायला, गेले. आमचे वावर नाल्याला लागून आहे आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल आहे, त्यामुळे ज्वारी दाण्यावर आली किंवा हरभरा घाट्यावर आला की रानडुकरे आणि रोही यांचे येणे ठरलेले. बाबांनी वावराच्या मध्यावर चार बल्ल्यांचे मचाण बांधले होते. त्यावर एक वाकळ, एक बॅटरी, तेलाचा रिकामा डबा आणि तो वाजवायला एक दांडकी असे. खाली शेकोटी. लहानपणी मी हट्टाने त्यांच्याबरोबर जात असे, आणि मोठा पराक्रम पाहायला मिळेल अशी माझी समजूत असे. प्रत्यक्षात बाबा रात्रभर बहुधा काहीच करीत नसत. ते बसत, अधूनमधून उतरून धुऱ्याने एक चक्कर मारीत, खाकरत, पुन्हा बसत. डुक्कर आलेच तर ते त्याच्यामागे धावत नसत. “मागं धावलं का ते वावरातच गरगर फिरते,” ते सांगत, “आपण त्याच्या आन्‌ पिकाच्या मंधात उभं राहाचं, आन्‌ त्याले जायाची वाट मोकळी ठेवाची.” ते आवाजाकडे कान देण्यापेक्षा ज्वारीच्या धांड्यांकडे पाहत असत, कारण वारा सगळी धांडे एकदम हलवतो आणि जनावर ओळीने हलवते. सकाळी घरी आल्यावर माय चहा ठेवता ठेवता विचारी, “राती काही झालं का?” आणि बाबा पाय धुता धुता म्हणत, “काही नाही.” एवढ्यावर तो विषय संपत असे. पीक बंडीत भरून घरी आले की गावात बोलणे होई ते भावाचे. ते कोणी राखले याबद्दल कोणी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही. आता धुऱ्यावर तार ओढून सौर झटका मशीन बसवले आहे आणि मचाणाच्या बल्ल्या पोरांनी गोलपोस्ट करायला नेल्या आहेत.

पुतणीसाठी मी निवडला तो फाबिओ कान्नावारो, आणि निवडीचे पहिले कारण त्याची उंची हेच होते. मधल्या बचावात उभा राहणारा गडी धिप्पाड हवा, उंचावरून आलेला चेंडू त्याने डोक्याने परतवायला हवा, असे जगभर समजतात. कान्नावारो जेमतेम पावणेदोन मीटर, म्हणजे पाच फूट नऊ इंच होता. आमच्या गावात तो बुटका ठरला नसता. युरोपातल्या बचावपटूंच्या रांगेत मात्र तो शाळेतल्या पोरासारखा दिसे.

त्याचा जन्म १९७३ चा, इटलीच्या दक्षिणेकडील नापोली या शहरातला. १९९० साली विश्वचषक इटलीत झाला आणि इटली विरुद्ध अर्जेंटिना हा उपान्त्य सामना नेमका नापोलीत आला. त्या काळी डिएगो मॅराडोना नापोलीच्याच क्लबकडून खेळत असे आणि शहर त्याला देव मानत असे. त्या रात्री तो अर्जेंटिनाच्या बाजूने मैदानात उतरला होता. सोळा वर्षांचा कान्नावारोही तेथे होता, पण मैदानाच्या कडेला, बाहेर गेलेला चेंडू धावत जाऊन आणून देणारा पोऱ्या म्हणून. इटली पेनल्टींवर हरली. पुतणीला हा भाग फार आवडला. आमच्याकडे चेंडू नाल्यात गेला की तो आणायला तिलाच पाठवतात.

पुढची वर्षे मी भराभर सांगितली, कारण क्लबांची यादी ही बसस्थानकांच्या यादीसारखी असते. १९९३ मध्ये नापोलीकडून पहिल्या वर्गाचा पहिला सामना. क्लबची आर्थिक ओढाताण झाली म्हणून १९९५ मध्ये पार्मा. तेथे बुफाँ हा गोलरक्षक आणि थुराम हा बचावपटू जोडीला, आणि १९९९ चा युएफा चषक. मग इंटर मिलान, मग युव्हेंटस. २००६ मध्ये इटलीतले सामनाधिकारी-नेमणुकीचे प्रकरण उघडकीस आल्यावर युव्हेंटसला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले आणि तो माद्रिदला गेला, तेथे लागोपाठ दोनदा स्पेनची लीग जिंकली, परत युव्हेंटसला आला, शेवटी दुबईत गेला आणि २०११ मध्ये गुडघ्याने साथ सोडल्यावर थांबला. देशासाठी तो १३६ सामने खेळला. त्यात त्याने गोल केले २.

“दोनच?” पुतणीने पेन्सिल खाली ठेवली.

हस्तलिखितात प्रत्येक खेळाडूच्या चित्राखाली एक चौकट करायची असे पोरांनी ठरवले होते: सामने, गोल, बक्षिसे. मेस्सीवाल्याच्या चौकटीत आकडा मावत नव्हता. हिच्या चौकटीत एकच आकडा, तोही शेजारच्या १३६ जवळ ठेवला की चूक झाल्यासारखा दिसणारा.

मी तिला बक्षिसांच्या रकान्याकडे नेले. युरोपात १९५६ पासून वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला बॅलन डी’ओर नावाचा सोन्याचा चेंडू देतात. पुरुषांमध्ये आजवर तो मिळालेले बचावपटू तीन: जर्मनीचा फ्रान्झ बेकेनबाउअर, १९७२ आणि १९७६ असा दोनदा, जर्मनीचाच माथिआस झामर, १९९६ मध्ये, आणि २००६ मध्ये कान्नावारो. त्यातही पहिले दोघे मागून चेंडू घेऊन पुढे चाल करणारे, अर्धे मधल्या फळीतले म्हणावेत असे. नुसते राखण करून तो चेंडू मिळवणारा खरा हाच एक, असे माझे मत आहे. जाणकार यावर वाद घालतील, वाचनालयाच्या बाकावर माझ्याशी वाद घालायला तेव्हा सातवीची एकच मुलगी होती, आणि तिने एवढेच विचारले, “तिघंच काहून?” त्याचे उत्तर मी वर दिलेच आहे. तक्त्यात रकाना नाही.

मग मी तिला २००० सालची गोष्ट सांगितली, कारण मुलांना सांगताना फक्त विजय सांगितला की मुले ओळखतात. युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना रॉटरडॅमला होता, इटली विरुद्ध फ्रान्स. इटली १-० ने पुढे होती, नव्वद मिनिटे पूर्ण झाली होती, पंचांनी वाढवून दिलेल्या वेळेचेही चौथे मिनिट चालू होते, इटलीच्या राखीव बाकावरचे खेळाडू उठून एकमेकांच्या गळ्यात पडण्याच्या तयारीत उभे होते. फ्रान्सच्या गोलरक्षकाने लांब चेंडू मारला, पुढे एका गड्याने तो डोक्याने आणखी पुढे सरकवला, कान्नावारो तो परतवायला उडाला, आणि चेंडू पुरता परतला नाही. मागे विल्तोर होता. त्याने डाव्या पायाने मारला आणि १-१ झाले. त्या काळी जादा वेळेत जो पहिला गोल करील तो तेथेच जिंकला असा नियम होता. आता तो काढून टाकला आहे. त्रेझेगेने तो गोल केला आणि इटलीच्या हातचा चषक गेला. त्र्याण्णव मिनिटे त्या फळीने काय काय अडवले, हे आज सामना पाहिलेल्यालाही आठवत नाही. ती एक उडी मात्र चित्रफितीत कायमची राहिली.

हे लिहिताना माझा हात थोडा अडला, आणि तिला तो का अडला हेही सांगावे लागले. मी पंधरा वर्षांचा होतो. बाबांना हिवताप झाला होता आणि जागलीला मला पाठवले होते. भुईमूग काढणीला आला होता. पहिले तीन प्रहर मी डोळ्यांत तेल घालून बसलो, डबाही वाजवला, आणि पहाटे शेकोटीची ऊब लागून जो डोळा लागला तो सूर्य अंगावर आल्यावर उघडला. नाल्याकडची बाजू नांगरल्यासारखी झाली होती. डुकरांनी मुस्काटाने माती उकरून शेंगा खाल्ल्या होत्या आणि वेल पालथे टाकले होते. ते पाहायला दिवसभर गाव लोटले. आज चाळीस वर्षे होतील, पण पारावर माझ्या वयाचा कोणी भेटला आणि बोलणे भुईमुगावर आले की ती रात्र निघतेच. त्याआधी आणि त्यानंतर मी किती रात्री जागलो, आणि त्या रात्री किती पीक राखले गेले, याचा हिशेब माझ्याकडेही नाही. बाबा मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्री त्यांनी पुन्हा मलाच पाठवले.

इटलीनेही तेच केले. दोन वर्षांनी पाओलो माल्दिनी देशाच्या संघातून निवृत्त झाला तेव्हा कर्णधाराची पट्टी कान्नावारोच्या दंडावर आली.

त्यानंतरची २००६ ची स्पर्धा तिला पूर्ण सांगायला दोन संध्याकाळी लागल्या. जर्मनीतला विश्वचषक, सात सामने, त्यांतले दोन जादा वेळेपर्यंत लांबलेले, आणि त्या ६९० मिनिटांतले एकही मिनिट कान्नावारो मैदानाबाहेर नव्हता. या सात सामन्यांत इटलीवर एकूण दोन गोल झाले. एक त्यांच्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेला, दुसरा अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानने पेनल्टीवर केला. म्हणजे समोरून चाल करून येऊन कोणी इटलीवर गोल केला, असे त्या महिन्यात एकदाही घडले नाही. ९ जुलैला बर्लिनमध्ये फ्रान्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी झाली आणि इटली पेनल्टींवर जिंकली. तो त्याचा देशासाठी शंभरावा सामना होता. जगाला त्या सामन्यातली झिदानने इटलीच्या एका खेळाडूच्या छातीवर डोक्याने मारलेली धडक आठवते, ते ठीकच आहे, घडलेली गोष्ट होती ती.

मला स्वतःला त्या स्पर्धेतले एक दृश्य अधिक जवळचे वाटते. ४ जुलै, डॉर्टमुंड, उपान्त्य सामना, समोर यजमान जर्मनी. एकशे एकोणिसाव्या मिनिटाला इटलीने गोल केला आहे आणि जर्मनीला शेवटची धडपड करायची आहे. चेंडू उंचावरून इटलीच्या गोलासमोर येतो. कान्नावारो उडतो आणि डोक्याने तो बाहेर काढतो. येथे बहुतेक बचावपटू श्वास घेतात. हा मात्र जमिनीला पाय लागताच, चेंडू जेथे पडणार तेथे धावत सुटलेला असतो. तेथे जर्मनीचा पोडोल्स्की चेंडू घेण्याच्या बेतात असतो. कान्नावारो त्याच्याआधी पोचतो, चेंडू काढून घेतो आणि पुढे निघतो. तेथून टोट्टी, टोट्टीकडून जिलार्दिनो, जिलार्दिनोकडून डेल पिएरो, आणि डेल पिएरो गोलरक्षकाच्या वरून चेंडू जाळ्यात टाकतो. २-० आणि लगेच शिट्टी. तक्त्यात डेल पिएरोचे नाव आहे, शेवटचा पास जिलार्दिनोचा म्हणून त्याचीही नोंद आहे. दोनदा चेंडू जिंकणाऱ्याची तेथे काही नोंद नाही.

“आपल्याईत नव्हता का कोणी असा?” तिने विचारले. तिच्या ‘आपल्याईत’मध्ये गाव, विदर्भ आणि देश हे सगळेच होते. गावाचे मी सांगू शकलो नाही, देशाचे सांगितले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले तेव्हा संघाचा मुख्य बचावपटू जर्नेल सिंग होता, पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातला, पुढे मोहन बागानमध्ये नाव काढलेला. थायलंडविरुद्ध त्याचे डोके फुटले आणि टाके पडले. डोक्याने चेंडू मारणे हेच ज्याचे काम त्याचे डोकेच जायबंदी झाले, तेव्हा प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला मागे न ठेवता पुढे खेळवले. उपान्त्य सामन्यात त्याने गोल केला. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी होता, ज्यांनी साखळीत भारताला २-० असे हरवले होते. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, जर्नेल सिंगने डोक्याला पट्टी असताना दुसरा केला, आणि भारत २-१ ने जिंकला.

पोरीचे डोळे चमकले. मला मात्र त्यात थोडी गंमत आणि थोडी खंत वाटते. देशाच्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एकाचे नाव आज घेतले जाते ते त्याने केलेल्या गोलासाठी, आपले काम सोडून दुसऱ्याचे काम केले त्या दिवसासाठी. कोरियाने सामना संपायला पाच-सहा मिनिटे असताना एक गोल परतवला होता. त्यानंतरची ती मिनिटे ज्यांनी मागे उभे राहून काढली त्या अरुण घोष, चंद्रशेखर आणि त्रिलोक सिंग यांची नावे सांगायची वेळ आली की चांगले चांगले जाणकार अडखळतात.

शैलेन मन्ना यांच्याबद्दलही मी दोन परिच्छेद लिहिले होते. ते बचावपटू, १९५१ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार, आणि आमच्या पोरांसारखेच अनवाणी खेळणारे. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले आणि त्यानंतर आपल्याकडे बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले ते याच हेलसिंकीत, त्यामुळे खाशाबांवर लिहिणारा मुलगा आणि पुतणी यांच्यात, एकाच गावी एकाचा जय आणि दुसऱ्याचे दहा गोल, यावरून चांगलीच जुंपली. शेवटी जागा पुरेना म्हणून मन्ना गळले. मला ते अजून बोचते.

मी लिहिलेले सगळे घेऊन ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शाळेतल्या बाईंसारखा भाव होता. “मोठे बाबा,” ती म्हणाली, “तुमी तं यात साऱ्या गोलाच्याच गोष्टी लेयल्या. विल्तोरचा गोल, डेल पिएरोचा गोल, जर्नेल सिंगचा गोल. मंधातल्या टायमात बॅकवाला काय करते?”

मी निरुत्तर झालो. तिचे खरे होते. रकाना नाही म्हणून तक्रार करणाऱ्या माझ्याही हाताने त्याच रकान्यात लिहिले होते.

म्हणून मधल्या वेळाचे आम्ही दोघांनी मिळून लिहिले, आणि त्यातले बरेचसे तिचे आहे. बॅकला सर्वांत जास्त बोलावे लागते, हे तिने सांगितले, कारण सगळे मैदान तिच्यासमोर असते आणि पुढच्यांना पाठीमागचे दिसत नाही. तिच्या आईच्या मते हे काम तिला जन्मजात येते. समोरून गडी चेंडू घेऊन आला तर चेंडूकडे पाहायचे नाही, त्याच्या कमरेकडे पाहायचे, कारण पाय फसवतात, कंबर फसवत नाही. हे तिच्या क्रीडाशिक्षकांनी सांगितलेले. त्यावर मला धांड्यांकडे पाहणारे बाबा आठवले. त्याच्यावर झेप घ्यायची नाही, थोडे तिरके उभे राहून मागे सरकत जायचे आणि त्याला कडेला, रेषेकडे, त्याच्या नावडत्या पायावर ढकलत न्यायचे. वाट मोकळी ठेवायची, पण ती पिकाकडे जाणारी नको. जमिनीवर घसरून चेंडू काढणे टीव्हीवर फार छान दिसते, पण आमच्या काळ्या मातीच्या भेगाळलेल्या मैदानावर तसे केले तर मांडी सोलून निघते आणि चुकले तर उठेपर्यंत गडी गोलापाशी पोचलेला असतो.

आणि ऑफसाइड. हा नियम मुलांना समजावताना शहाणे शहाणे थकतात. चेंडू पुढे दिला जात असेल त्या क्षणी, घेणारा गडी समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्याही पुढे, आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याही पलीकडे उभा असेल तर तो ऑफसाइड. १९२५ पर्यंत शेवटून तिसरा गडी मोजत. तो दुसरा केल्यावर गोल वाढले आणि बचावपटूंचे काम अवघड झाले. शेवटचा बहुधा गोलरक्षकच असतो, म्हणून बचावाची फळी एकदम दोन पावले पुढे सरकली की समोरचा आपोआप पलीकडे राहतो. पण सगळ्यांनी एकदम सरकायला हवे. तिला मी सांगितले की डुकरांचा कळप मोठा असला की बाबा शेजारच्या दोन वावरांतल्या जागल्यांना हाक देत, तिघे तीन बाजूंनी एकदम हाकारा करीत, आणि एकाला उठायला उशीर झाला तर कळप नेमका त्याच्याच बाजूने आत घुसे. “म्हंजे आमची उजवीकडली,” ती लगेच म्हणाली. “ते एक पाऊल मांगंच राह्यते.” पुढे उजवीकडच्या मैत्रिणीचे नावानिशी वर्णन आले, ते हस्तलिखितात घेतले नाही.

चौकटीचे तिने आपल्या पद्धतीने केले. ‘गोल’ हा रकाना तिने खोडला नाही. त्यात २ असे स्वच्छ लिहिले आणि शेजारी आणखी एक रकाना काढून त्याला ‘होऊ दिले नाही’ असे नाव दिले. त्यात काय लिहायचे यावर बराच खल झाला. अंदाजे आकडा टाकू नये असे माझे म्हणणे पडले. शेवटी तिने तो रकाना रिकामाच ठेवला, आणि मेस्सीवाल्याने तो राहून गेला असे समजून तेथे स्केचपेनाने फूल काढले.

परवा तालुक्याच्या गावी तिचा सामना होता. मैदान म्हणजे सोयाबीन निघालेले वावर सपाट करून चुना मारलेले, एका अंगाने नाला. घरच्यांपैकी कोणाला जाता आले नाही, तुरीची सोंगणी चालू आहे. संध्याकाळी ती बसमधून उतरून आली तेव्हा गुडघ्यांपर्यंत मातीने भरलेली होती. तिच्या आईने चुलीपासून ओरडून विचारले, “काय झालं वो?”

“काही नाही,” ती पाय धुता धुता म्हणाली. “झिरो-झिरो.”

तिच्या आईने बरे म्हणून भाकर थापायला घेतली. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांना आता कमी दिसते आणि फुटबॉल त्यांनी कधी पाहिलेला नाही. त्यांनी मान वर केली.

“कोण्या आंगानं जास्त येत होते?”

“उजवीकून, आबाजी. नाल्याकून.”

“नाल्याकूनच येते,” बाबा म्हणाले आणि थोडे सरकून त्यांनी तिला खाटेवर जागा करून दिली. ती बसली नाही. खाटेजवळ ओल्या तुरीच्या शेंगांची टोपली होती, त्यातल्या चार शेंगा काढून तिने शेणाने सारवलेल्या जमिनीवर एका ओळीत मांडल्या, पाचवी त्यांच्यासमोर ठेवली, आणि ती पाचवी कशी कशी येत होती हे त्यांचे बोट धरून त्यांना दाखवू लागली.